घोरतोय, झोपू दे

२०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकचे नाव रोज बातम्यांत येत होते. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला आणि तिथे एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तयार होत असल्याचे उघडकीला आले. त्या तपासात एकूण दीडशे किलोच्या आसपास माल जप्त झाला आणि त्याची किंमत तीनशे कोटी सांगितली गेली. काही दिवस आधीच, २ ऑक्टोबरला, मेफेड्रोनच्या गुन्ह्यातला आरोपी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून पसार झाला होता. मग मोर्चे निघाले, आरोप-प्रत्यारोप झाले. सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीपासून महापालिकेच्या पायऱ्यांपर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता: माल कुणाचा?

प्रश्न रास्तच होता. पण त्या दिवसांतली वर्तमानपत्रे चाळताना मला एक गोष्ट खुपत राहिली. किलो छापून येत होते, कोटी छापून येत होते, कुणाचा फोटो कुणाबरोबर आहे तेही येत होते. नशेने आपल्या शहरात गेल्या वर्षी किती माणसे मेली आणि पुढचा माणूस मरू नये म्हणून दवाखान्यात, पोलीस चौकीत, घरात काय तयारी आहे, हे मात्र कुठे आले नाही. जबाबदार कोण याची चर्चा आपण हिरिरीने करतो. मरणाऱ्याला वाचवायचे कसे, याची चर्चा सुरूच होत नाही. हे दोन प्रश्न एकत्र मांडून पाहावेत, म्हणून हा आढावा.

आधी एक खुलासा. एमडी हे उत्तेजक आहे. त्याने हृदयाचे ठोके बेफाम होतात, अंग तापते, डोके फिरते. अफूच्या कुळातली द्रव्ये नेमके उलटे करतात. अफू, तिच्यापासूनचे मॉर्फिन, हेरॉइन, खोकल्याच्या औषधातले कोडीन, वेदनाशामक म्हणून मिळणारे ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल, शस्त्रक्रियेत वापरले जाणारे फेंटानिल, ही सारी एकाच घराण्यातली. ती वेदना थांबवतात आणि प्रमाण वाढले की श्वासही थांबवतात. मला या घराण्याबद्दल लिहायचे आहे, कारण जगात अमली पदार्थांनी होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा याच द्रव्यांचा आहे. आणखी एक कारण आहे. या विषावर उतारा आहे, स्वस्त आहे, मिनिटांत लागू पडतो, आणि तरीही आपल्याकडे माणसे त्याच्याविना जातात.

हा प्रश्न पंजाबचा, मणिपूरचा, आपला नव्हे, असे मानायची सोय नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. अफूवर्गीय पदार्थ घेणारे भारतीय त्यात सुमारे २ कोटी २६ लाख निघाले, लोकसंख्येच्या २.१ टक्के. जगाच्या सरासरीच्या हे तिप्पट. ज्या मोजक्या राज्यांत अशा गंभीर व्यसनींपैकी निम्म्याहून अधिक सापडतात, त्यांच्या यादीत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्लीच्या पाठोपाठ महाराष्ट्र आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर मालेगावकडे पाहावे लागते. तिथे 'कुत्ता गोळी' हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, झोपेसाठी आणि घबराटीसाठी डॉक्टर लिहून देतात ते साधे औषध. छत्रपती संभाजीनगरकडे अशाच गोळ्यांना 'बटन' म्हणतात. अल्प्राझोलाम अफूच्या कुळातले नाही, हे मला माहीत आहे. पण यंत्रमागाच्या खडखडाटात लांबलचक पाळी करणाऱ्या माणसाच्या खिशात ही गोळी आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधाची बाटली एकत्र येते, तेव्हा दोन्हीही एकाच जागी घाव घालतात. मेंदूच्या तळाशी श्वासाचे नियंत्रण करणारे एक केंद्र आहे. गोळी त्याला पेंगवते, बाटली त्याला झोपवते. एकेकटी सोसली असती ती मात्रा जोडीने जीव घेते. अमेरिकेतही अशा मृत्यूंच्या तपासणीत एकाच रक्तात दोन-तीन द्रव्ये सापडणे नेहमीचेच आहे.

महाराष्ट्राने ही साथ एकदा जवळून पाहिली आहे. १९७९ च्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यानंतरच्या वर्षांत तिथली अफू हेरॉइन होऊन पाकिस्तानमार्गे मुंबईत उतरू लागली. जे आले ते अर्धवट शुद्ध केलेले, तपकिरी, स्वस्त. 'गर्द' हे त्याचे मराठी नाव. पन्नीवर पुडी मोकळी करायची, खालून काडी धरायची आणि वर उठणारा धूर नळीने ओढायचा. काही आठवड्यांत शरीर असे अडकते की डोस चुकला तर हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाकडोळे वाहतात, जुलाब लागतात. याला ओढणारे 'टर्की' म्हणत. डॉ. अनिल अवचट यांनी या पोरांमध्ये बसून, त्यांचे ऐकून लिहिले. 'गर्द' या नावाने ते पुस्तकही झाले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या मदतीने आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या कष्टांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मुंबईत फादर जो परेरा यांचे 'कृपा फाउंडेशन' त्याआधीच, १९८१ पासून, उभे होते.

त्याच सुमारास दिल्लीत दुसरे उत्तर तयार झाले होते. अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, ज्याला पोलिसांपासून वकिलांपर्यंत सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. म्हणजे तुरुंग आणि उपचार ही आपली दोन उत्तरे जवळजवळ एकाच वयाची आहेत. दोन्ही आज चाळिशीत आहेत. तिसरे उत्तर, माणूस बेशुद्ध पडला त्या घटकेला काय करायचे याचे, आपण जन्माला घातलेच नाही. टर्की सोसून कसे बाहेर पडायचे हे मराठी वाचकाने वाचले आहे. श्वास थांबलेल्या गर्दुल्ल्याला कसे उठवायचे हे कुणी शिकवलेले त्याला आठवणार नाही.

'गर्दुल्ला' हा शब्दही त्याच काळाने दिला. आज तो पुलाखाली झोपणाऱ्या कुणालाही लावतात. एकदा माणूस गर्दुल्ला ठरला की पावडर आणली कुणी, पोलिसांनी डोळेझाक का केली, बाप पोराशी शेवटचा कधी बोलला, हे सगळे प्रश्न गळून पडतात आणि सारी जबाबदारी त्या एका शब्दावर येऊन बसते.

आता जबाबदारीकडे. ऐंशीच्या दशकात खलनायक ओळखणे सोपे होते. माल सीमेपलीकडून यायचा, अंधारात उतरायचा. त्यानंतर चित्र पालटले. आज नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच अफूवर्गीय गोळ्या परवाना असलेल्या कारखान्यात, बॅच नंबरसह तयार होतात, बिलासह ट्रकमध्ये चढतात. २०१३ च्या मे महिन्यात केंद्राने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन या वेदनाशामकावर बंदी घातली. ईशान्य भारतात 'स्पास्मो प्रॉक्सिव्हॉन'च्या निळ्या कॅप्सूल फोडून, पाण्यात घोळवून शिरेत टोचून घेतल्याने कित्येकांचे हातपाय सडले होते, त्यातले हे द्रव्य. बंदीनंतर मिळत्याजुळत्या नावाची कॅप्सूल बाजारात आली आणि तिच्यात त्या द्रव्याच्या जागी ट्रामाडॉल होते. ट्रामाडॉल मग इतके पसरले की भारतातून पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या गोळ्या हा जागतिक चिंतेचा विषय झाला. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रामाडॉल एनडीपीएसच्या कक्षेत आले. त्याची जागा टॅपेंटाडॉलने घेतली.

ते पुढे कुठवर गेले हे २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखवले. मुंबईतली एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारे गुंगीचे औषध, एकाच गोळीत घालून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टकडे पाठवत होती. असे मिश्रण जगात कुठेही मान्य नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीच्या संचालकाने, हे शरीराला घातक आहे, पण हा धंदा आहे, अशा अर्थाचे सांगितले. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने छापा घातला, उत्पादन थांबवले, या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या देशभर रद्द केल्या. चांगले झाले. पण परदेशी वृत्तसंस्थेचा माणूस खोटे नाव घेऊन कारखान्यात शिरेपर्यंत आपल्या निरीक्षकांना हे दिसत नव्हते, याची लाज महाराष्ट्राला वाटायला हवी. घानातल्या कुठल्याशा गावात बेशुद्ध पडलेल्या तरुणाच्या खिशातल्या पाकिटावर 'भारतात तयार' असे छापलेले असते, आणि ती छपाई आपल्या राज्यातली असते.

खोकल्याच्या औषधाची गोष्ट अशीच लांबलेली. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात कोडीनची खोकल्याची औषधे होती. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबरमध्ये ती बंदी रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, तिथून तांत्रिक मंडळाकडे फिरत राहिले. २०२३ च्या जूनमध्ये १४ मिश्रणांवर नव्याने बंदी आली तेव्हा क्लोरफेनिरामिन आणि कोडीनचे सिरप पुन्हा त्या यादीत होते. मधल्या सात वर्षांत किती बाटल्या रिकाम्या झाल्या असतील!

अमेरिकेत जबाबदारीचा हिशोब निदान मांडला तरी गेला. पर्ड्यू फार्माने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि डॉक्टरांच्या गळी उतरवले की याचे व्यसन क्वचितच लागते. त्यासाठी वारंवार दाखला दिला गेला तो १९८० मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा. ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या, देखरेखीखालच्या रुग्णांबद्दल होते. पुढे कुणीतरी मोजले तेव्हा त्या पाच वाक्यांचा संदर्भ सहाशेहून अधिक वेळा दिला गेल्याचे आढळले. कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. मालक सॅक्लर कुटुंबाला दाव्यांपासून कायमचे कवच देणारी तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळली. घाऊक औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन मिळून २६ अब्ज डॉलर देण्यास तयार झाले. गोळ्या कशा जास्त विकाव्यात याचा सल्ला देणाऱ्या मॅकिन्झीलाही भरपाई द्यावी लागली. गावे उजाडल्यानंतर आलेला पैसा तो. पण बनवणारा, पोचवणारा, सल्ला देणारा असे प्रत्येकाचे नाव कागदावर आले. त्यातला काही पैसा उपचारांकडे वळवण्याची अट घातली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे ही उतरंड उलटी आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीने २०१७ आणि २०१८ मधल्या महाराष्ट्रातल्या एनडीपीएस प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा शेकडा नव्वदहून अधिक प्रकरणे नुसत्या सेवनाची निघाली. म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाला जो उभा आहे, तोच बहुतेक वेळा पकडला जातो. माझ्या मते जबाबदारीचा क्रम वरून खाली लागायला हवा. सर्वांत आधी बनवणारा, कारण आपली बॅच किती खपते आणि कुठल्या तालुक्यात अचानक दुप्पट खपते हे त्याच्या संगणकावर रोज दिसते. त्याच्या बरोबरीने परवाना देणारे आणि तपासणारे सरकार. मग घाऊक विक्रेता. मग डॉक्टर आणि मेडिकलवाला. घेणारा माणूस सर्वांत शेवटी. तो जबाबदारीतून सुटत नाही, पण निवड करण्याची ताकद सर्वांत कमी त्याच्यापाशी उरलेली असते.

मेडिकलवाल्याबद्दल दोन शब्द अधिक, कारण तो आपल्या गल्लीतला आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडॉल, पेंटाझोसीन अशी औषधे देताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे सांभाळायची, असा नियम. ही वही म्हणजे फुकटात मिळालेली धोक्याची घंटा आहे. एका पेठेतल्या पाच दुकानांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठला डॉक्टर रोज तीस जणांना तीच गोळी लिहितो, कुठला रुग्ण पाचही दुकानांत दिसतो, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण वही दुकानाच्या कपाटात राहते आणि तपासनीस आला की बाहेर निघते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही नोंद संगणकावर आहे आणि डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी ती पाहतो. ज्या देशात भाजीवाल्याला मोबाइलवर पैसे पोचतात, तिथे ही नोंद कागदावर अडकावी याला तांत्रिक कारण उरलेले नाही.

आता मृत्यूंकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू अलीकडच्या वर्षांत साधारण पाचशे ते साडेसातशेच्या दरम्यान दिसतात, साऱ्या देशाचे. अमेरिकेत २०२२ मध्ये असे मृत्यू १ लाख ७ हजारांच्या वर होते. लोकसंख्या आपली चौपटीहून जास्त. अफूवर्गीय पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी असताना वर्षाला सातशे मृत्यू, या हिशोबावर माझा विश्वास बसत नाही. अमेरिकेतले फेंटानिल आपल्याकडे तितके पसरलेले नाही, हे खरे. तरीही एवढी तफावत मोजणीतल्या भोकांशिवाय पडत नाही.

ही भोके कुठे आहेत ते पाहायला लांब जायला नको. घरात पोरगा गेला की आईबाप आधी म्हणतात, ॲटॅक आला. डॉक्टर दाखल्यावर हृदयक्रिया आणि श्वसनक्रिया बंद पडल्याचे लिहितात. खरे तर मृत्यूचे कारण म्हणून असे लिहू नये, असे दाखल्याच्या सूचनांतच आहे, कारण मरताना प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. शवविच्छेदन झालेच तर व्हिसेरा राखून ठेवतात आणि तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. आपल्याकडे तशी प्रादेशिक प्रयोगशाळा नाशकातच आहे. अहवाल येईपर्यंत तेराव्याचे जेवण होऊन गेलेले असते आणि मूळ दाखल्यातले कारण दुरुस्त करायला कुणी जात नाही. जी साथ मोजली जात नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. डेंग्यूचा एक रुग्ण सापडला की धूरफवारणीची गाडी येते. अतिसेवनाचा एक मृत्यू झाला तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवायची पद्धतच नाही.

मृत्यू येतो कसा, हे प्रत्येक घराने जाणून घ्यायला हवे, म्हणून जरा थांबून सांगतो. रक्तात कर्बवायू साठला की मेंदू श्वास घ्यायला भाग पाडतो. अफूवर्गीय द्रव्य हीच जाणीव बधिर करते. श्वास मिनिटाला पंधरावरून दहावर, आठवर, चारवर येतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ओठ आणि नखे काळीनिळी पडतात. जीभ मागे पडते आणि घशातून खोल, ओलसर घरघर येऊ लागते. शेजारच्या खोलीतल्यांना ते घोरणे वाटते. 'आज जास्त झालेली दिसतेय. घोरतोय, झोपू दे,' असे म्हणून आई दिवा मालवते. सकाळी अंग गार असते. हे घोरणे म्हणजे बंद होत चाललेला श्वास आहे, एवढे एक वाक्य त्या आईला माहीत असते तर तिने त्याला झोपू दिले नसते. बहुतेक वेळा हा मृत्यू क्षणात येत नाही. तास-दोन तास तो दारात उभा असतो, आणि घरात माणसे असतात.

कळलेच तर आपण काय करतो? तोंडावर पाण्याचे हबके मारतो, कांदा हुंगवतो, लिंबूपाणी किंवा मिठाचे पाणी घशात ओततो. बेशुद्ध माणसाच्या घशात ओतलेले पाणी फुप्फुसात उतरते, आणि उरलेला श्वासही जातो. करायला हवे ते साधे आहे. जोराने हाका मारायच्या, छातीच्या हाडावर मुठीने रगडून पाहायचे. जागा होत नसेल तर १०८ ला फोन करायचा. श्वास अगदी मंद किंवा बंद असेल तर हनुवटी वर करून, नाक दाबून, दर पाच सेकंदाला तोंडाने श्वास द्यायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचे, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. आणि नॅलोक्सोन.

नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांना त्यांच्या जागेवरून ढकलून देणारे औषध. दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूत टोचले की दोन ते पाच मिनिटांत श्वास परततो. त्याची नशा चढत नाही, व्यसन लागत नाही, आणि शरीरात अफूवर्गीय काही नसेल तर त्याने बिघडतही नाही. कुत्ता गोळीवर ते चालत नाही, एमडीवरही नाही. पण गोळीबरोबर कोडीन किंवा गर्द असेल तर त्यातला अर्धा घाव ते परतवते, आणि तेवढ्याने अनेकदा जीव वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले की ज्याच्या डोळ्यांदेखत असे घडू शकते त्या प्रत्येकाच्या हाती, म्हणजे व्यसनी, त्याचे मित्र, घरचे लोक, ते असावे. स्कॉटलंडने २०११ पासून ते राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून वाटले. अमेरिकेने मार्च २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला मान्यता दिली. कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेन या देशांत संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने हजारो सामान्य माणसांना हे शिकवले गेले. शिकलेल्यांसमोर जेव्हा कुणी कोसळले तेव्हा बहुतेकांनी औषध वापरले आणि ज्यांना दिले ते जवळजवळ सगळे जगले.

भारतात नॅलोक्सोनची इंजेक्शने मिळतात, अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. पण ते राहते भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्या माणसाच्या आईच्या हाती ते कुणी देत नाही.

इथे नाशिकचे एक भाग्य आहे आणि त्याचा विचार आपण केलेला नाही. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातल्या वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालयांतली मुले पदवी घेतात ती या विद्यापीठाची. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, जिथून फौजदार घडून राज्यभर जातात. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा उल्लेख वर आलाच. वाचवायला शिकवणारे, घटनास्थळी पहिले पोचणारे, सर्वांत जास्त धोक्यातली माणसे आणि मृत्यूचे कारण सांगणारे, हे चारही एकाच शहरात आहेत. परिचारिकेच्या परीक्षेत अतिसेवनाच्या प्राथमिक उपचारावर सक्तीचा प्रात्यक्षिक प्रश्न आला, फौजदाराच्या प्रशिक्षणात तोंडाने श्वास द्यायचा आणि नॅलोक्सोन टोचायचा अर्ध्या दिवसाचा सराव आला, तर त्याचे पडसाद गडचिरोलीपर्यंत उमटतील. यासाठी नवा कायदा लागत नाही.

कारागृहाचे नाव मुद्दाम घेतले. अफूवर्गीय पदार्थांची शरीराला सवय होते तशी ती सुटतेही. तीन महिने तुरुंगात किंवा केंद्रात राहून बाहेर आलेला माणूस जुनीच मात्रा घेतो आणि ती आता त्याला मारक ठरते. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत घातक, हे अनेक देशांत दिसून आले आहे. म्हणून स्कॉटलंडमध्ये सुटणाऱ्या कैद्याला त्याच्या कपड्यांबरोबर नॅलोक्सोन देतात. आपण कपडे आणि घरी जाण्यापुरते पैसे देतो.

यातून एक अवघड गोष्ट निघते आणि ती आदर ठेवून सांगायला हवी. महाराष्ट्राच्या मनातली व्यसनमुक्ती म्हणजे संपूर्ण सुटका, निश्चय, सहकाऱ्यांचा हात धरून रोजचा दिवस काढणे. दारूच्या बाबतीत आणि हजारो गर्दवाल्यांच्या बाबतीत मुक्तांगणसारख्या संस्थांनी ते घडवून दाखवले आहे. पण अफूवर्गीय व्यसनात ज्यांचा पाय पुन्हा घसरतो त्यांच्यासाठी घसरणे म्हणजे अनेकदा मरण. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन रोज देखरेखीखाली देण्याला आपल्याकडे 'एक व्यसन सोडून दुसरे' म्हणून नाक मुरडले जाते. जगभरच्या अभ्यासांत हे औषध चालू असताना मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. फ्रान्सने १९९० च्या दशकात साध्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली आणि चार वर्षांत हेरॉइनच्या अतिसेवनाचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांतून हे देणे सुरू केले. मुंबईत संकल्प संस्थेने सुया टोचणाऱ्यांमध्ये हे काम वर्षानुवर्षे केले आहे. मालेगावच्या सामान्य रुग्णालयात अशी एक खिडकी उघडायला काय हरकत आहे?

कायद्यातली एक फट मात्र बुजवावीच लागेल. एनडीपीएसच्या कलम ६४ अ नुसार स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळू शकते. पण मित्र शेजारी कोसळला, खिशात पुडी दोघांच्याही आहे, आणि फोन केला तर पोलीस येणार, या परिस्थितीतल्या मुलाला आपला कायदा कुठलेच अभय देत नाही. म्हणून तो पळतो. पळणाऱ्याला आपण नालायक म्हणतो. रस्त्यावरच्या अपघाताच्या बाबतीत हेच होत होते. मुंबई-आग्रा महामार्गावर जखमीला उचलायला लोक घाबरत, कारण पोलीस ठाण्यात चकरा माराव्या लागत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि संसदेने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये तेच संरक्षण अतिसेवनासाठी फोन करणाऱ्याला दिले, मागोमाग इतर राज्यांनी दिले. एक कलम इकडून तिकडे न्यायचे आहे.

हे सगळे लिहिताना एक भीती मनात आहे. बंदीचा धाक वाढला की आपल्याकडे पहिला बळी कर्करोगाच्या रुग्णाचा जातो. १९८५ च्या कायद्यानंतर रुग्णालयांनी परवान्यांच्या कटकटीला कंटाळून मॉर्फिन ठेवणेच सोडले. ज्या देशात मंदसौर, नीमच, चित्तोडगडला सरकारी परवान्याने अफू पिकते, तिथे हाडांत पसरलेला कर्करोग घेऊन माणसे विव्हळत मेली. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा थोडा सैल झाला. शिंदे गावच्या रागात कुणी उद्या मॉर्फिनच्या गोळीवर आणखी एक सही वाढवली, तर त्या सहीची किंमत कुणाच्या तरी आजीला चुकवावी लागेल.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात कामे सुरू आहेत. साधुग्रामातले दवाखाने, घाटांवरच्या रुग्णवाहिका, औषधांच्या याद्या हे सगळे ठरणार आहे. त्या यादीत नॅलोक्सोनच्या कुप्या आणि त्या वापरता येणारी माणसे असावीत, असे पत्र नाशिकच्या डॉक्टरांनी, औषध विक्रेत्यांनी आणि नगरसेवकांनी आजच द्यावे. पत्रात एक तपशील विसरू नये. नॅलोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गर्द किंवा अफूवर्गीय गोळी त्याहून जास्त वेळ रक्तात राहते. उठून बसलेला माणूस, मी ठीक आहे, जाऊ द्या, म्हणतो, आणि तासाभराने पुन्हा घोरू लागतो. म्हणून पहिल्या सुईनंतर त्याला एकटे सोडायचे नसते. दवाखान्यात नेईपर्यंत आणि नेल्यावरही दोन-तीन तास कुणीतरी उशाशी बसून त्याचे श्वास मोजत राहावे लागते.